सात नावं

उद्या शाळेत म्हणून दाखवायचीत,
म्हणून तिलेक शेगडीपाशी बसून घोकतोय,
बापापासून मागे, सात पिढ्या.
सागिन, मामबेत, ओसमोन, चोतूर, इसा...
आणि तिथे अडतो.
मी मेंढीच्या शेणाची वडी आत सारते.
बाहेर अत-बाशीची थंडी,
खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फ.

सात नावं ज्याला येत नाहीत तो गुलाम, असं आमच्यात म्हणतात.
ज्याला येतात, पण पहिलंच जरा
सैल बसलेलं असतं,
त्याला काय म्हणायचं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

त्या वर्षी सागिन मॉस्कोत होता,
नारिंगी जाकीट घालून
परक्यांच्या दारातला बर्फ खरवडत.
मार्चच्या शेवटी आला.
तिलेक ऑक्टोबरात झाला,
चार किलोला दोनशे ग्रॅम कमी.
'सातव्या महिन्यातलं आहे,' मी म्हणाले.
नर्सनं तराजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि कागदावर मी सांगितलं तेच लिहिलं.

सासूनं बोटं मोडली नाहीत, नुसती मोजली.
उजव्या हाताची पाच, डाव्याची दोन,
मग पुन्हा पहिल्यापासून.
मग उठून पाळण्याचे पट्टे बांधायला घेतले.
झुउरा-आपाला जाऊन चार वर्षं झाली.
ती मोजणी बरोबर घेऊन गेली
की कुणापाशी ठेवून गेली, ठाऊक नाही.

गोष्ट पोटात ठेवावी म्हणतात.
ठेवली. तिच्या शेजारीच पोर वाढत होतं.
पोर तेवढं बाहेर आलं.

जनावरांचा डॉक्टर होता तो,
मेंढ्यांना लस टोचायला तीन दिवस मुक्कामाला.
त्याचं नाव मी इथेही घेणार नाही.
एवढंच, की सिरिंज डाव्या हातात धरायचा.
तिलेक चमचा डाव्या हातात धरतो.
खडू, चाबूक, दगड.
सागिननं त्याला एकदाही 'हात बदल' म्हटलं नाही.
उलट गेल्या हिवाळ्यात
खोगिराला चाबूक अडकवायची कडी उसवून
दुसऱ्या बाजूला शिवून दिली.
सुईत दोरा मीच ओवला होता.

'सहावं, कारिप,' सागिन म्हणतो.
आजही मांडीवर खोगीरच आहे.
'कारिप म्हणजे निराधार ना? असं कुणी नाव ठेवतं?'
सागिन मेणाचा दोरा दातानं तोडतो.
'तो बायतूरच्या घरी जन्मला नव्हता.
काफिला खिंडीतून पुढे गेला
आणि मागे लोकरीचं एक पोतं राहिलं.
बायतूरनं उघडलं.
आत काय आहे ते पाहिलं,
वारा लागू नये म्हणून तोंड पुन्हा सैलसं बांधलं,
आणि घोड्यावर घेतलं.'
'मग सातवं नाव त्याच्या बापाचं नाहीच.'
'सातवं बायतूर,' सागिन म्हणतो. 'म्हण.'

बारा वर्षं झाली मला या घरात.
सासूनं ही गोष्ट कधी सांगितली नाही,
आणि ती तर आजेसासऱ्यांच्या वरातीत
कुणाचा घोडा लंगडत होता तेही सांगायची.
सागिनला बापानं सांगितली असेल.
किंवा आत्ता, त्या पट्ट्याबरोबर,
टाका टाका घालत शिवली असेल.
विचारलं तर तो उत्तर देईल,
म्हणून विचारत नाही.
दूध उतू जातं. मी बघत राहते.

तिलेक पुन्हा सुरुवात करतो,
डाव्या हाताचा अंगठा मुडपून.
'सागिन.'
आणि सागिन, मान खाली घालून, सुई खुपसत,
'हं' म्हणतो,
वर्गात हजेरी द्यावी तसा.